एका घराच्या दोन चुली

गेल्या वर्षी प्रधानमंत्री आवास योजनेतून आमचं घरकुल झालं. ‘काय काय लागतं?’ असं विचारणाऱ्या बायकांसाठी हे लिहिते आहे.

आम्ही बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की घराला कुलूप लावून आम्ही दोघं, भावजी आणि जाऊबाई असे दोन कोयते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) सांगली भागात जातो. पोरं आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, कधी सोबत, कधी गावाकडं. आमचं नाव 2018 च्या सर्वेक्षणात ‘ड’ यादीत, म्हणजे घरकुलाच्या आधीच्या यादीतून सुटलेल्यांच्या यादीत, लागलं होतं. मंजुरी माझ्या नावानं आली आणि पहिला 15,000 चा हप्ता खात्यावर पडला, तेव्हा आम्ही फडात होतो. काम सुरू करा, नाहीतर पैसे परत जातील, असा गावाहून फोन आला. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची होती, त्यामुळं ह्यांना निघता येईना. मी दोन्ही लेकरं घेऊन एकटी परत आले. मार्च संपेपर्यंत हे अर्ध्या कोयत्यावर राबले.

कागदांचं थोडक्यात सांगते. जागेचा नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीतला घर-जागेचा उतारा, अजून मामंजींच्याच नावावर होता. त्यांचा मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, भावजींचं सहमतीपत्र हे सगळं जोडून तो बदलून घेतला. तेव्हाच ह्यांच्याबरोबर माझंही नाव लावून घेतलं. नमुना आठला नवरा-बायको दोघांचं नाव लागतं, ते मागून घ्या. मागितल्याशिवाय कुणी लावत नाही.

घरकुलाचे 1,20,000, संडासाचे 12,000, आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, जी 2025 च्या एप्रिलपासून दिवसाला 312 रुपये झाली. मजुरीसाठी जॉबकार्ड चालू लागतं आणि हजेरीपटावर नाव चढलं की नाही ते रोजगारसेवकाकडं जाऊन बघावं लागतं. आमचा खर्च अडीच लाखांच्या पुढं गेला. वरचे पैसे पुन्हा उचलीतूनच आले, हे मला अजून टोचतं.

हप्ता कामाच्या टप्प्यावर मिळतो आणि टप्पा म्हणजे फोटो. जोतं झाल्यावर घरकुलाच्या इंजिनिअरनं मोबाइलवर फोटो काढायचा, त्यात मी उभी असले पाहिजे. मी आठ दिवस कामाला गेले नाही. रोज सकाळी जोत्यावर पाणी मारायचं आणि रस्त्याकडं बघत बसायचं. नवव्या दिवशी ते आले आणि फोटो पाच मिनिटांत झाला. ऊसतोडीच्या गावांना हे टप्पे एप्रिलनंतर द्यायला काय हरकत आहे? आमची माणसं हंगामात गावात नसतात, हे सगळ्या कचेऱ्यांना माहीत आहे.

पण सगळ्यात जड गेलं ते रेशनकार्ड. त्याच उन्हाळ्यात घरकुलाचं नवीन सर्वेक्षण चालू होतं. भावजींचं नाव त्यात घालायला गेलो, तर कळलं की एका कार्डावरचं कुटुंब ते एकच कुटुंब, आणि त्याला घर मिळालेलं आहे. म्हणजे कार्ड वेगळं करणं आलं. अर्जासोबत लिहून द्यायचं होतं: ‘आम्ही विभक्त राहतो व आमची चूल वेगळी आहे.’

मी बारावी शिकलेली, म्हणून कागद मीच वाचून दाखवला. आत्या तेव्हा चुलीपुढं होत्या. हातातली भाकरी तशीच परातीत ठेवून त्या म्हणाल्या, “चूल वेगळी कोणी केली? मला न विचारता?” मी समजावलं, हे फक्त कागदावर. त्या म्हणाल्या, “कागदावरच तर सगळं असतं. तुझ्या मामंजींची जमीन कागदावरच गेली.” त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

कार्डावर नऊ माणसं, माणशी 5 किलो, म्हणजे महिन्याला 45 किलो धान्य. कार्ड दोन झाली तरी धान्य तेवढंच. फक्त आत्यांचे 5 किलो कुठल्या कार्डावर, एवढा एकच प्रश्न उरला आणि तोच कुणाच्या तोंडून निघेना. शेवटी त्यांनीच विचारलं, “मग मी कोणाची?” भावजी उठून बाहेर गेले. दोन्ही भाऊ रात्री उशिरापर्यंत बाजेवर बसून होते, बोलत काहीच नव्हते.

सरकारनं घर दिलं त्याचे उपकार मी मानते. पावसाळ्यात पोरांच्या अंगावर गळायचं ते थांबलं. पण कोण कोणासोबत जेवतं हे आमचं आम्ही ठरवतो. भावाला घर मिळावं म्हणून भावानं भावापासून वेगळं झाल्याचं लिहून द्यावं, हा नियम बदलला पाहिजे. एका छपराखाली दोन संसार असतात, एवढं मोजायला चूल मोडायची गरज नाही.

आत्यांचं नाव आमच्या कार्डावर राहिलं: 25 किलो आमचं, 20 भावजींचं. भावजींचं सर्वेक्षण झालं, पुढची यादी यायची आहे. आमच्या घराच्या 269 चौरस फुटांत स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. तिथं ओटा केला, गॅस ठेवला. चहा तिथं होतो. भाकरी मात्र आत्या अजून परसातल्या जुन्या चुलीवर थापतात, नऊ माणसांच्या.