गीझरची कॉइल आणि किझिल्देरेची विहीर

परवा गीझर उघडला. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे कॉइलवर पांढरा जाड थर, नखाने टोकरला तर पापुद्रेच निघाले. गीझरवाला म्हणाला, "साहेब, क्षाराचं पाणी आहे, दरवर्षी काढावंच लागणार." मला लगेच तुर्कस्तानातलं किझिल्देरे आठवलं (डोकं असंच चालतं, बायको हसते).

तिथे 1984 पासून जमिनीखालच्या गरम पाण्यावर वीज बनवतात, आणि दुखणं आमच्या गीझरचंच, फक्त खोल जमिनीत. खाली दाब असतो तोवर पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो आणि कॅल्शियमही गपगुमान विरघळून राहतं. पाणी वर येताना दाब उतरतो, एका खोलीवर ते उकळायला लागतं, सोड्याची बाटली उघडल्यासारखा गॅस सुटतो, पीएच चढतो (म्हणजे पाण्याचा आंबटपणा कमी होतो) आणि कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियमचा पांढरा क्षार, तिथेच पाइपच्या आत बसतं. पाइप अरुंद, पाणी कमी, वीज कमी. मग ड्रिलने खरवडा नाहीतर ॲसिड सोडा, आणि काही महिन्यांनी परत तेच.

मला यातला खरा आवडलेला उपाय म्हणजे बारीक स्टीलची नळी. ती विहिरीत उकळीच्या जागेच्याही खाली सोडतात आणि तिच्यातून पॉलिअॅक्रिलेटसारखं केमिकल सतत थेंबथेंब जातं, तेही दहा लाख भाग पाण्यात जेमतेम काही भाग. ते बसलेला थर विरघळवत नाही, नवे स्फटिक वाढू देत नाही. नळी उकळीच्या वर राहिली तर सगळं फुकट, आणि वर्षानुवर्षं पाणी काढून खालचा दाब उतरला की उकळीची जागाही खाली सरकते, म्हणजे नळी परत खाली ढकला.

अशा पाण्यात सिलिकाही (वाळूतला मुख्य पदार्थ) विरघळलेली असते. तिची तऱ्हा उलटी, ती पाणी थंड व्हायला लागलं की बसते, आणि कॅल्साइट विरघळवणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड तिला काही करत नाही. म्हणून पाणी फार थंड होऊच द्यायचं नाही, किंवा आधीच थोडं ॲसिड घालून तिचं बसणं लांबवायचं. आइसलँडच्या स्वार्त्सेंगी प्लांटचं (तोही जमिनीखालच्या गरम पाण्यावरच चालतो) पाणी लाव्हाच्या दगडांवर सोडलं, सिलिकाने दगडाची भोकं बुजवली, पाणी मुरेना, तळं साचलं. तेच ब्लू लगून! लोक पैसे भरून जातात आणि तोच पांढरा चिखल तोंडाला फासतात. आणि किझिल्देरे ज्या डेनिझली प्रांतात आहे तिथेच पामुक्कालेच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्या आहेत, त्याही याच कॅल्शियमच्या, फोटो काढायला जग लोटतं.

आमचे पापुद्रे मात्र काल घंटागाडीत गेले.