रेचक आधी

मंगळवार, पहाटे सव्वापाच.

आज नाडीशोधनाला, म्हणजे आलटूनपालटून एकेका नाकपुडीने श्वास घेण्या-सोडण्याच्या प्राणायामाला, बसलो तेव्हा उजवी नाकपुडी जवळजवळ बंदच होती. पूर्वी अशा वेळी मी नाक शिंकरून ती मोकळी करण्याचा आटापिटा करीत असे. परंतु नाकपुड्यांच्या आतील अस्तराची सूज काही तासांच्या अंतराने आलटूनपालटून कमीअधिक होत असते आणि योगात चंद्रस्वर (डाव्या नाकपुडीचा श्वास) आणि सूर्यस्वर (उजवीचा) म्हणतात तो बदल हाच, हे कळल्यापासून त्या बाजूने जेवढी हवा येईल तेवढीवर समाधान मानतो.

दोन वर्षांपूर्वी एवढा धीर नव्हता. पूरक (श्वास घेणे), कुंभक (रोखणे) आणि रेचक (सोडणे) यांचे १:४:२ हे प्रमाण वाचून मी कोणालाही न विचारता थेट ४, १६, ८ अशा मात्रा, म्हणजे मनातले आकडे, धरल्या. सोळाव्या मात्रेपर्यंत छाती धडधडू लागे, रेचक आठऐवजी तिसऱ्याच मात्रेला भसकन बाहेर पडे आणि त्यापुढचा पूरक साहजिकच अधाशी होई. दिवसभर डोके जड राहत असे. त्यालाच मी नाडीशुद्धीचे, म्हणजे प्राणाचे मार्ग मोकळे होण्याचे, लक्षण समजत होतो, याचे आता हसू येते.

पुढे हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशातील (अध्यायातील) ‘युक्तं युक्तं त्यजेद्वायुं युक्तं युक्तं च पूरयेत्’ या ओळीपाशी मी अडलो. तिच्यात आधी वायू सोडणे आहे, मग भरणे. रोखण्याचा उल्लेख त्याही नंतर, पुढच्या ओळीत येतो. पतंजलींच्या योगसूत्रांतील ‘प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य’ या सूत्रातही श्वास बाहेर टाकणेच प्रथम आहे. श्लोकात छंदासाठीही शब्द मागेपुढे होतात, तेव्हा या क्रमावर मी एवढा भर द्यावा याला संस्कृतचे जाणकार हसतीलही. पण मला तो उपयोगी पडला.

लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया उपकरणांनी तपासून पाहिल्या. माझे उपकरण म्हणजे अभ्यास संपल्यावर मनगटावर टेकवलेली तीन बोटे. श्वास आत घेताना नाडी किंचित घाईने चालते आणि सावकाश सोडताना ठोक्यांमधले अंतर वाढत जाते, हे त्या बोटांना स्पष्ट कळते. व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरील लगाम रेचकात अधिक घट्ट होतो, असे त्याचे शरीरशास्त्रीय कारण आहे.

सध्या कुंभक पूर्णपणे सोडला आहे. चार मात्रांचा पूरक, सहांचा रेचक, आणि रेचकाच्या अखेरीस पोट आपोआप आत जाते तिथे क्षणभर स्वस्थता. आज अशी बारा आवर्तने झाली. शेवटाकडच्या तीन आवर्तनांत रेचक स्वतःहून आठपर्यंत लांबला, आणि ते लक्षात येताच पुढचा मोजून लांबवण्याचा मोह झाला, तसा तो सहावरच तुटला.

त्यानंतर मोजणी थांबवून ध्यानासाठी बसलो. श्वास नाकाच्या टोकाशी जेमतेम जाणवत होता. पाचएक मिनिटांनी दुधाच्या पिशव्या दाराशी पडल्याचा आवाज आला आणि आपण नेमके किती वेळ बसलो याचा हिशेब मनात सुरू झाला. मग उठलो. उद्याही चार-सहाच, आठला हात लावायचा नाही.