तुम्ही विचारलंत म्हणून: निवेदक आयता मिळाला, बातमी कोण आणणार?

‘दूरदर्शनच्या डीडी किसान या शेतीविषयक वाहिनीवर २६ मे २०२४ पासून क्रिश आणि भूमी हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे (एआय) निवेदक आलेत. मग तालुक्याला वार्ताहर कशाला हवा?’ चिपळुणात हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो.

त्यावर मी ‘मॅक्स हेडरूम’बद्दल बोलू लागतो. १९८५ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर आलेला टीव्हीपट आणि त्यावरून १९८७ मध्ये अमेरिकेत एबीसीवर सुरू झालेली मालिका. तिच्यातल्या जगात टीव्हीला बंद करायचं बटण असणं हाच गुन्हा. प्रेक्षकाने वाहिनी बदलू नये म्हणून नेटवर्क २३ ही वाहिनी अख्खी जाहिरात काही सेकंदांत कोंबून दाखवते. त्याने काही माणसांचा अक्षरशः स्फोट होतो आणि वरच्यांना ते ठाऊक असतं! हे खणून काढतो तिथलाच बातमीदार, एडिसन कार्टर. पळताना तो पार्किंगच्या आडव्या दांडीवर आदळतो आणि त्याच्या मेंदूची नक्कल संगणकात उतरवली जाते. तीच मॅक्स.

मॅक्स हजरजबाबी आहे, मला तो मनापासून आवडतो. पण त्याच्या बोलण्यातलं जग आधी एडिसनने खांद्यावर कॅमेरा घेऊन पाहिलेलं आहे. खुद्द पडद्यावरचा मॅक्सही संगणकाने काढलेला नव्हता. मेकअपच्या जाड थराखाली मॅट फ्रूअर हा नट होता.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. वीज गेली, मोबाइल बंद पडले. आत काय चाललंय हे बाहेर कळायला मार्गच नव्हता. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ तुडवत दुकानोदुकानी फिरलो. एका किराणा दुकानदाराने उधारीच्या वह्या उन्हात पसरल्या होत्या, शाई पार उतरलेली. कुणाकडून किती येणं, ते सगळं गेलं. भिजलेल्या तांदळाचा पंचनामा झाला, पण या बुडालेल्या उधारीला त्यात रकानाच नव्हता. मी ती बातमी दिली, कारण मी त्या दुकानात उभा होतो.

क्रिश-भूमी हवामान सांगोत, बाजारभाव सांगोत, शेतकऱ्याचं भलंच आहे. मला राग येतो तो दुसऱ्याच हिशेबाचा. तालुक्याचा वार्ताहर आजही बऱ्याच ठिकाणी बातमीमागे मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांवर राबतो, पेट्रोल पदरचं. निवेदकाचा पगार वाचणार असेल, तर त्यातून आधी या वार्ताहराचं मानधन ठरवा.