फाटकासमोरून गेलेली गाडी

मे महिना, दुपारचे साडेबारा. जळगावचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पारा ४५च्या घरात गेला की आमच्या दारातली फरशी चपलेतूनही चटका देते. मी हायवेवरच्या एका हॉस्पिटलात कॅशलेस डेस्क सांभाळते. कॅशलेस म्हणजे बिल रुग्णाने न भरता विमा कंपनीने थेट हॉस्पिटलाला द्यायचं. विम्याचे कागद घेणं, मंजुरी मागवणं, नातेवाइकांना समजावून सांगणं, हे माझं काम. नऊ वर्षं झाली.

एक तरुण धावत आत आला. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, हातात मोबाइल. "ताई, हे तुमचंच हॉस्पिटल ना?" स्क्रीनवर विमा कंपनीच्या वेबसाइटवरची नेटवर्क, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या, हॉस्पिटलांची यादी होती. नाव आमचं. पत्ता मात्र गोलाणी मार्केटजवळच्या जुन्या इमारतीचा. ती जागा सोडून आम्हाला तीन वर्षं झाली.

बाहेर ओम्नी उभी होती. मागची सीट काढून गादी टाकलेली, तिच्यावर सत्तरी ओलांडलेले आप्पा. डोळे मिटलेले, ओठ कोरडे. सकाळी मोरीत पाय घसरून पडले होते. गावच्या डॉक्टरांनी खुब्याचं हाड मोडल्याचं ओळखून दोन पायांमध्ये उशी ठेवून फडक्याने बांधून दिलं होतं. उशाशी त्यांची बायको पदराने वारा घालत होती. मी गाडीच्या दाराशी गेले तशी तिने माझा हातच धरला. "माय, आठे तरी लेतीन ना?" इथे तरी घेतील ना?

त्या "तरी"चा अर्थ मला मागाहून कळला. हे लोक अमळनेर तालुक्यातले. धरणगाव, पाळधी, मग बांभोरीचा पूल ओलांडून जळगावात शिरले, म्हणजे आमच्या फाटकासमोरूनच गेले. पण यादीत जो पत्ता होता, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. गाडी शहरात घातली, गर्दीतून वाट काढत त्या बोळात पोचले, तर खाली शटर बंद आणि वरच्या मजल्यावर मुलांचा क्लास. क्लासमधल्या दोन पोरांनी रस्ता सांगितला, पाण्याची बाटली दिली. तिथून उलटं फिरून पुन्हा हायवेवर. मोडलेल्या खुब्याने, त्या उन्हात, पाऊण तास जास्त. प्रत्येक गतिरोधकाला आप्पा ओरडत होते, असं मुलगा सांगत होता आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

आधी स्ट्रेचर, सलाइन, एक्स-रे. कागदांचं नंतर. पॉलिसी थोरल्या मुलाच्या कंपनीची होती. तो चाकणला कारखान्यात, आईवडील त्याच्या ग्रुप पॉलिसीत. ई-कार्ड त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलं. आता मला धाकधूक होती ती वेगळीच. पत्ता जुना आहे, तसा करारही जुना पडला असला तर? पोर्टलवर आमचा रोहिणी क्रमांक टाकला. विम्याशी जोडलेल्या प्रत्येक हॉस्पिटलाला असा १३ आकडी क्रमांक मिळतो. सारख्या नावाची चार हॉस्पिटलं असली, तरी खरी ओळख त्या आकड्यांनीच पटते. करार चालू होता. पूर्वमंजुरीचा अर्ज १ वाजून २० मिनिटांनी पाठवला. २०२४च्या मे महिन्यात विमा नियामकाने एका तासात उत्तर द्यायचा नियम केला आहे. २ वाजून ८ मिनिटांनी पहिली मंजुरी आली. मी आजींना जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली आणि पहिल्यांदाच भिंतीला टेकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं, चांगलं झालं.

पण त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही. आमचे करार असलेल्या १४ विमा कंपन्या आणि टीपीए (कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्था) यांच्या याद्या एकेक करून उघडल्या. अकरा ठिकाणी जुनाच पत्ता. दोन ठिकाणी बंद पडलेला लँडलाइन नंबर. एका यादीत तर आमचं नाव बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदखाली! नाव शोधायची तऱ्हाही लहरी. भुसावळचं इंग्रजी स्पेलिंग कुठे व्हीने, कुठे डब्ल्यूने. धुळे कुठे धुळे म्हणून सापडतं, कुठे धुलिया म्हणून. अमळनेरचा पिनकोड ४२५४०१ टाकला तर त्या कंपनीच्या यादीत हाडांचं एकही हॉस्पिटल नाही. मग त्या पोराने जिल्हा टाकून शोधलं, पहिलं नाव दिसलं ते धरलं. त्याचं काय चुकलं?

मग आमची फाइल काढली. जागा बदलली तेव्हा पत्रं किती गेली, ते पाहिलं. पाच. बाकीच्या नऊ ठिकाणी आम्ही कळवलंच नव्हतं. आणि ज्यांना कळवलं, त्यातल्याही दोघांनी पत्ता बदलला नव्हता. त्या काळात मीच या डेस्कवर होते. कंपनीला दोष देण्याआधी हे लिहायलाच हवं.

दुसऱ्या दिवसापासून मागे लागले. रोहिणीच्या नोंदीत पत्ता बदलून घेतला, सगळ्यांना नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडून मेल केले. बहुतेकांनी दोन आठवड्यांत दुरुस्ती केली. एका कंपनीला दोन महिने दर सोमवारी फोन करावा लागला. फोनवरचा मुलगा म्हणायचा, "मॅडम, क्लेम तर पास होतायत ना, मग अडचण काय?" मी त्याला आप्पांची गोष्ट सांगितली. दोनदा.

तेव्हापासून कुणाचा फोन आला की मी हॉस्पिटलाला एवढंच विचारायला सांगते: याच शाखेत, माझ्याच विमा कंपनीचं, आज कॅशलेस चालू आहे का? तिन्ही शब्द महत्त्वाचे. आपल्याकडच्या याद्या हॉस्पिटलांच्या असतात, डॉक्टरांच्या नाहीत. तुमचे नेहमीचे सर्जन पाचोऱ्याला ओपीडी करतात आणि ऑपरेशन भलत्याच हॉस्पिटलात, तर यादीत बघायचं ते त्या दुसऱ्या हॉस्पिटलाचं नाव. कंपनीच्या वेबसाइटवर वगळलेल्या हॉस्पिटलांची वेगळी यादी असते, तीही बघा. तिथे आधी पैसे भरून नंतर मागितले तरी ते मिळत नाहीत. जिवावर बेतलेलं असेल तर रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च तेवढा देतात. आणि हॉस्पिटल नेटवर्कबाहेरचं असलं, तरी जानेवारी २०२४पासून कॅशलेस मागता येतं. ठरलेल्या ऑपरेशनला ४८ तास आधी, तातडीच्या वेळी भरती झाल्यापासून ४८ तासांत कळवायचं. मात्र हॉस्पिटलही त्याला तयार व्हावं लागतं.

यादी दुरुस्त झाली तरी लोकांच्या मोबाइलमधले जुने फोटो राहतातच. म्हणून आमच्या सरांना सांगून एक बोर्ड रंगवून घेतला. क्लासच्या मालकाने जुन्या शटरच्या वर लावू दिला. हॉस्पिटल इथून हलवलं आहे, नवा पत्ता, बाण आणि खाली मोठ्या आकड्यांत माझ्या डेस्कचा मोबाइल नंबर.

मागच्या गुरुवारी त्या बोर्डाखालून फोन आला. बाई रडत होती, मागे हॉर्न वाजत होते. "ताई, आम्ही चुकीच्या ठिकाणी आलो."

"नाही चुकलात," मी म्हटलं, "गाडी वळवा, खोटेनगरच्या दिशेने या. मी फाटकाशी उभी राहते."