वाघरीतली मेंढरं आणि आमचं दीड एकर

मागच्या आठवड्यात माती परीक्षणाचा रिपोर्ट आला, अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीत कुजून मिसळलेल्या पालापाचोळ्या-शेणातला कार्बन, ०.४९ टक्के. तीन वर्षांपूर्वी ०.३६ होता. आता लगेच नाचायचं नाही, कारण नमुना कुठून आणि किती खोल घेतला यावर एवढा फरक सहज पडतो, पण आम्ही दोन्ही वेळेस व्ही आकाराचे खड्डे करून आठ-दहा जागची माती मिसळून नेली होती, त्यामुळे थोडं बरं वाटतंच ना.

हा तुकडा निफाड तालुक्यातला, काळी जमीन. सोयाबीन, मग उन्हाळ कांदा, परत सोयाबीन, मधे नांगर आणि रोटाव्हेटर. पाऊस पडला की वर पापुद्रा धरायचा आणि वीतभर खाली कुदळ मारली की ठण्ण. मी नोकरीला नाशिकमधे, शनिवार-रविवारचा शेतकरी, मग काय, रात्री यूट्यूब. तिथे तो झिम्बाब्वेचा चराऊ रानांचा अभ्यासक अ‍ॅलन सेव्हरी सापडला, २०१३ चं त्याचं भाषण खूप गाजलं. त्याचं म्हणणं असं, की जनावरं दाटीने थोडा वेळ चारायची, लगेच हलवायची आणि मग त्या रानाला गवत पुरतं फुटेपर्यंत विसावा द्यायचा. हवामान बदलाचं सगळं गणित याने सुटतं हा त्याचा दावा बऱ्याच शास्त्रज्ञांना मान्य नाही, मलाही तो जरा जास्तच वाटतो. पण दाटी आणि विसावा ही गोष्ट डोक्यात बसली. जेवताना अण्णांना सोलरवरचं तारेचं कुंपण वगैरे सांगत होतो तर ते म्हणाले, "म्हणजे मेंढरं बसवायची ना? मग तसं बोल की."

कांदा निघाला की मे महिन्यात आमच्याकडे मेंढपाळांचा वाडा, म्हणजे कळपासकट त्यांचा फिरता तळ, येतो. घोड्यावर बिऱ्हाड, कुत्री, कोकरं. मामांनी (आम्ही मामाच म्हणतो) खुंट्या ठोकून वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावली, अडीचशे मेंढरं आत, दाटीवाटीने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाघर पुढे सरकली. सकाळी बघावं तर लेंड्यांचा एकसारखा थर आणि मुताचा असा वास की नाक चुरचुरतं. तो वास म्हणजे अमोनिया, म्हणजे आपला नत्र हवेत चाललाय. पहिल्या वर्षी आम्ही तो तसाच आठ दिवस उन्हात वाळू दिला आणि वर रोटाव्हेटर फिरवला. तीन रात्रींचे पैसे मोजले आणि धूळ उडवली! दुसऱ्या वर्षापासून मेंढरं उठली की त्याच दिवशी वखराची हलकी पाळी, बस. आणि हो, बाभळीच्या शेंगा खाऊन आलेली मेंढरं बिया पण टाकून जातात, जूनमधे वावरभर बाभळीची रोपं उपटत बसलो होतो, ते कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत.

आमच्या द्राक्षाच्या बागेतपण मेंढरं घालू का असं मी विचारलं तर मामांनीच नको म्हटलं, औषधाच्या बागेत मेंढरू लागतं म्हणाले. नंतर वाचलं तर खरंच, द्राक्षावरच्या डावणी रोगासाठी आपण बोर्डो मिश्रण फवारतो त्यात मोरचूद, म्हणजे तांबं, आणि मेंढीला तांबं फार लवकर बाधतं, यकृतात साठत जातं. बागेत म्हणून आता छाटणीच्या काड्या बारीक करून ओळीत टाकतो, जाळत नाही.

पण मला खरं खटकतं ते वेगळंच. मेंढरं दिवसभर चरली कुठे? गायरानात, डोंगराच्या उतारावर, लोकांच्या बांधावर. रात्री लेंड्या पडल्या माझ्या वावरात. म्हणजे गायरानाचं खाणं मी तीन रात्रीत उचलून आणलं, सेव्हरीच्या गोष्टीत तर जिथे चारलं तिथेच शेण पडतं. आमच्या गायरानात विसावा हा प्रकारच नाही, बारा महिने कोण ना कोण, आमचीच जनावरं जास्त, मेंढपाळ तर चार दिवसांचे पाव्हणे, पण शिव्या त्यांनाच.

म्हणून यंदा अर्ध्या एकरात सोयाबीन नको, हिरवळीच्या खताचा ताग टाकू म्हटलं, निदान थोडा कर्ब तरी आपल्याच वावरात पिकवू. अण्णांचं तोंड पडलं, कारण अर्ध्या एकराचे सोयाबीनचे पैसे गेले हे खरंच आहे. पंचेचाळीस दिवसांचा, फुलावर यायच्या आत ताग कापून जागेवरच पाडला आणि कुजू दिला, कांदा लागवडीपर्यंत चिखलातसुद्धा पाय रुतला की मऊ लागत होतं आणि काल तिथे कुदळीच्या एका घावात तीन गांडुळं निघाली. शेजारच्या सोयाबीनवाल्या भागात एकही नाही.

गायरानाचं मात्र अडकलंय. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली, गवत कापून न्यायचं पण जनावर सोडायचं नाही, आणि तिथले डोंगर हिरवे झाले. ग्रामसभेत मी म्हटलं, पूर्ण बंदी नको, चार भाग करू, एकावेळी एकच भाग उघडा. एकजण म्हणाला राखण कोण करणार, दुसरा म्हणाला आधी मेंढरं बंद करा. तेवढ्यात लाईट गेली आणि सभा संपली. मामांचा फोन येऊन गेलाय, वाडा सिन्नरपर्यंत आलाय, वावर कधी मोकळं होतंय विचारत होते.