तुम्ही विचारलंत म्हणून: "हिच्या गळ्यात आहे ना?"

जूनमध्ये कोल्हापुरात माझ्या घरच्या गाण्याच्या क्लासला नवी मुलं येतात. पहिल्याच दिवशी आई किंवा बाबा दारात चपला काढता काढता विचारतात, "बाई, हिच्या गळ्यात आहे ना?"

मी "बघू" म्हणते. ते कुणालाच आवडत नाही.

गळ्यात तर माझ्याही होतं. रेकॉर्डवरची तान दोनदा ऐकली की तशीच्या तशी निघायची. स्पर्धांतले कप कपाटात मावत नव्हते. गुरुजी मात्र पहाटे नुसता खर्ज, म्हणजे खालचा सा, लावायला सांगत, आणि मला त्याचा भयंकर कंटाळा. इतरांना सहा महिन्यांत न येणारं मला आठवड्यात येत होतं. मग एका सुरावर अर्धा तास कशाला बसायचं? नाही बसले. सव्विसाव्या वर्षी पहिली मोठी मैफल मिळाली. यमन. दहा मिनिटांत माझ्याकडचं सगळं गाऊन संपलं आणि तबलजी आपला निवांत विलंबित एकताल देत राहिला. पुढची पंचवीस मिनिटं मी त्याच ताना उलटसुलट करून घेतल्या. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी घड्याळ पाहिलं ते अजून दिसतं.

एकदा एक पालक म्हणाले, "पण कुमार गंधर्वसुद्धा लहानपणी रेकॉर्डी हुबेहूब गायचेच की!" गायचे. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे वर्षानुवर्षं शिकले, ते कोण मोजतं?

मला आठवतात ते अल्लादिया खाँसाहेब. (आमच्या गावच्या दरबारचे, म्हणून थोडा पक्षपातही असेल.) तरुणपणी अमलेटा संस्थानात गाऊन गाऊन त्यांचा आवाज गेला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि जुन्या गळ्यावर बेतलेलं गाणं आता त्याला झेपणार नव्हतं. त्या उरलेल्या आवाजातून त्यांनी लयीच्या अंगाने चालणारी, पेचदार तानांची गायकी घडवली. जयपूर-अत्रौली म्हणतात ती हीच. शाहू महाराजांच्या दरबारात ते आले ते हे गाणं घेऊन. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यातच तयार झाल्या.

मग मी बघते काय? तंबोरा चालू करून मुलाला एकच सा देते आणि मुद्दाम स्वयंपाकघरात जाते. बहुतेक मुलं मिनिटभरात गप्प होतात, नाहीतर सिनेमातलं काहीतरी सुरू करतात. त्यात वावगं काही नाही, गाण्याची आवड तीही असतेच. गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीचा आवाज अगदी साधा, जरा नाकातलाच. सा उतरा, म्हणजे जरा खाली, लागला तशी ती थांबली. परत लावला. परत थांबली. माझा चहा उतू गेला तरी तिचं चालूच.

बाहेर आले तर तिची आई उभी. "गळ्यात आहे का हो बाई?"

"उद्या सकाळी सहाला पाठवा," म्हटलं.