कॅमेरा, कळी आणि तीन ओळी

‘कॅमेरा हातात आला की आमचं डोकं सेटिंगमध्येच अडकतं. वसंतातली फुलं टिपताना तुम्हाला शांत कसं वाटतं? आणि वर हायकू, म्हणजे ती तीन ओळींची जपानी धाटणीची कविता, कशाला?’ हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदा लिहूनच टाकते.

आधी निवडी कमी करा. सेटिंग घरीच उरकायचं: एकच लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) एफ/५.६, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, शटर १/५०० सेकंद. कोवळा देठ एवढ्याशा झुळुकीनेही हलतो. १/१२५ ला पाकळी पुसट येते. पांढऱ्या फुलांनी चौकट भरली असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१, नाहीतर ती राखाडी दिसतात. एकच पांढरं फूल आणि मागे गडद सावली असेल तर उलट -२/३, नाहीतर पाकळ्यांवरच्या शिरा उडून जातात. फोटो काढल्यावर लगेच स्क्रीनवर दिसण्याची सोय बंद ठेवा. मन सगळ्यात जास्त विचलित करते ती तीच.

मग एक कळी निवडून वीस मिनिटं बसा. पहिली दहा नुसतं बघायचं. इतक्या जवळून जेमतेम काही मिलिमीटरच स्पष्ट येतात, म्हणून फोकस मॅन्युअल ठेवून स्वतःच किंचित पुढे-मागे झुका आणि श्वास सोडताना बटण दाबा. सूर्योदयानंतर लगेच गेलात तर वाराही बहुधा कमी असतो.

हायकू या बसण्यातूनच येतो. जपानीत ५-७-५ ध्वनिमात्रा असतात. मराठीत तो हिशेब जुळवायला गेलं की भरतीचे शब्द शिरतात, तेव्हा माझ्या मते तो सोडावा. ऋतूची खूण आणि मधला खंड (दोन प्रतिमांमधला विराम) मात्र सोडू नये. जपानी संकेतात नुसता चंद्र शरदाचा, धूसर चंद्र वसंताचा. जपानी कवी बाशोच्या १६८६च्या हायकूतला बेडूकही वसंताचाच.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: फोटोत दिसतं तेच ओळींत लिहितात. फोटोत कळी आहे ना? मग ओळींत चौकटीबाहेरचं येऊ द्या:

अजून मिटलेली कळी –
मुंगी मात्र
दुसऱ्यांदा येऊन गेली

‘सुंदर’, ‘प्रसन्न’ असले शब्द आले की खोडा. ओळी तिथल्या तिथे, कागदावर लिहा. घरी फोटो बघून लिहिलेल्या ओळी फोटोचंच वर्णन करतात. काही सुचलंच नाही, तर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून उठा.